टाकी क्र. 3, वेशीकडची गल्ली: नळाची लाईन आणि भुयारी गटार एकत्र हाती घेतल्याच्या नोंदी (मार्च ते जुलै 2024)

गाव कृष्णा खोऱ्यातलं, क वर्ग नगरपरिषद, लोकसंख्या 31 हजारांच्या आसपास. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून रायझिंग मेनने (पाणी वर चढवणाऱ्या मुख्य पाइपाने) शुद्धीकरण केंद्र (क्षमता दिवसाला 45 लाख लिटर, प्रत्यक्षात 42 लाख लिटर चालतं), पुढे तीन उंच टाक्या. पाणी दिवसातून एकदा, झोन पाळीपाळीने. टाकी क्र. 3 ची साठवण 4 लाख लिटर, तळ जमिनीपासून 15 मीटर उंच. वेशीकडची गल्ली हे या टाकीचं शेपूट: 310 मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उघडी गटारं, मधोमध 200 मिमीचं भुयारी गटार आणि एका अंगाला जुनी 100 मिमी एसी (अॅस्बेस्टॉस सिमेंट) पाइपची लाईन. आजूबाजूचे बोळ धरून 212 कनेक्शन.

11 मार्च

गल्लीतून आठवड्यात 9 तक्रारी. सगळ्यांचं म्हणणं एकच: पाणी सुटल्यावर पहिली पाच-सात मिनिटं पिवळट येतं, वास मारतं, मग साफ होतं. यातलं ‘मग साफ होतं’ हे धरून ठेवायचं. फिल्टर प्लांटवर चूक असती तर पाणी शेवटपर्यंत तसंच आलं असतं आणि बोंब तिन्ही टाक्यांवरून उठली असती. सुरुवातीचंच पाणी घाण येतं याचा अर्थ पुरवठा बंद असताना लाईनमध्ये बाहेरून काहीतरी शिरतं.

ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून बघायची) तीन ठिकाणी घेतली. टाकीच्या आउटलेटला 0.8, गल्लीच्या तोंडाशी 0.5, शेवटच्या घरी शून्य. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस 10500, नळाला किमान 0.2 मिग्रॅ/लिटर मुक्त क्लोरीन मागतं. रंग थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. उशिरा चढणारा पिवळेपणा संयुक्त क्लोरीनचा असतो. तो धरून ‘आहे की क्लोरीन’ असं लिहिलेली जुन्या रजिस्टरची पानं फारशी कामाची नाहीत.

एच२एस बाटल्या (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळ्या पडतात) भरल्या: गल्लीत 6, टाकीवर 2. गल्लीतल्या बाटल्या मुद्दाम पहिल्या पाच मिनिटांच्या पाण्याच्या.

13 मार्च

गल्लीतल्या 6 पैकी 4 बाटल्या 30 तासांच्या आत काळ्या. टाकीवरच्या दोन्ही 48 तासांनंतरही जशाच्या तशा. दुखणं टाकीच्या पुढे आहे, हे पक्कं.

तरी पहिला हुकूम ठरलेला असतो: टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवा. वाढवण्याआधी आहे ती पावडर तपासली. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन हवा, आपल्या गोदामातल्या गोण्यांत 22 टक्के निघाला. हिशेब असा: 42 लाख लिटरला लिटरमागे 2 मिग्रॅ द्यायचे तर 8.4 किलो क्लोरीन लागतो. 33 टक्क्यांच्या पावडरीने ते 25.5 किलोत भागतं, 22 टक्क्यांच्या पावडरीला 38 किलो लागतात. आपण रोज मोजून 25 किलो टाकतो, म्हणजे डोस 1.3 च पडतो. रजिस्टर बरोबर आणि पाणी कमी क्लोरीनचं, असं महिनोन् महिने चाललेलं असू शकतं.

कारण गोदामात गेल्याबरोबर दिसतं. गोण्या थेट फरशीवर, भिंतीला टेकून, वरची खिडकी फुटलेली, शेजारी ओल धरलेली तुरटी. फळ्या टाकून गोण्या भिंतीपासून हातभर अलीकडे घेतल्या. उघडलेली गोणी त्याच दिवशी संपवायची किंवा झाकणाच्या ड्रममध्ये ओतायची. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून, मग टाकीत ढवळून, तासभर चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच डोसरला (मापाने द्रावण सोडणाऱ्या यंत्राला) जोडायची. चुना गेला की डोसरची नळी आठवड्यात तुंबते आणि मग डोस मारणं हा नशिबाचा खेळ होतो.

तात्पुरता उपाय म्हणून टाकी क्र. 3 वर जादा 1 मिग्रॅ: 4 लाख लिटरला 400 ग्रॅम क्लोरीन, आत्ताच्या पावडरीने 1.8 किलो. मलमपट्टी आहे. पाइपात गटाराचं पाणी असेल तर क्लोरीन ते खाऊन संपतो.

16 मार्च

लोकसभेची आचारसंहिता आजपासून. नवी निविदा निघणार नाही. दुरुस्तीचा वार्षिक दरकरार चालू आहे, भांडारात 110 मिमी एचडीपीई प्लास्टिक पाइपच्या 50 मीटरच्या 13 गुंडाळ्या आहेत. जे काही करायचं ते यात बसवायचं.

19 ते 21 मार्च

गल्लीचा नकाशा नाही. जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात आहे तोच नकाशा. त्यांना सोबत घेऊन घर ते घर फिरून वहीत उतरवला: मेन कुठून जाते, फेरूल (मेनवरचा घरकनेक्शनचा जोड) कुठे, पाइप घरात कसा शिरतो.

212 पैकी 163 कनेक्शनचे अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप उघड्या गटारातून जातात. नुसते आडवे ओलांडत नाहीत, गटाराच्या तळाला धरून आठ-दहा मीटर लांब नेलेत, एका ठिकाणी 14 पाइपांची मोळीच झालीय. त्यातले 61 गंजून गळणारे.

गळका पाइप ओळखायची रीत सोपी आहे, फक्त दोनदा जावं लागतं. पाणी सुटायच्या आधी गटाराला वर मातीचा बांध घालून सांडपाणी अडवायचं. पाणी सुटलं की जिथे स्वच्छ पाण्याची उकळी फुटते तिथे खडूने खूण. मग पुरवठा बंद झाल्यावर बांध काढून त्याच खुणेशी परत बघायचं. एका पाइपावर सायकलच्या ट्यूबचे सात-आठ वेढे आणि वर तार आवळलेली होती. पुरवठा चालू असताना ट्यूब फुगून कडेने चिळकांडी. बंद झाल्यावर पाच मिनिटांत ट्यूब आत ओढली गेली, गटारातला साबणाचा फेस तिच्या काठाशी येऊन हळूहळू नाहीसा होऊ लागला. शेजारच्या घरच्या आजी ओट्यावरून बघत होत्या. त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

22 मार्च

दाबाचं माप. शेवटच्या घराच्या नळाला गेज लावला: 0.2 किलो (दर चौरस सेमी), म्हणजे पाण्याची 2 मीटर उंची. टाकी 15 मीटर उंच, गल्लीचं शेपूट टाकीच्या पायथ्याहून 4 मीटर चढावर, तरी 11 मीटर शिल्लक राहायला हवे. उरलेले 9 मीटर घर्षण, गळती आणि मोटारी खातात. पाणी सुटल्यावर गल्लीत नुसतं चालत गेलं तरी भिंतीआडून मोटारींचा आवाज मोजता येतो: 43. मोटार थेट लाईनला जोडली की ती पाणी ओढतेच, वर शेजाऱ्याच्या भोकातून गटारही ओढते. पाणी चालू असतानाही काही घरांत वास का येतो, त्याचं उत्तर हे.

मोटारी जप्त करण्याची मोहीम दर दोन वर्षांनी होते आणि आठवड्यात मोटारी परत बसतात. दाब नाही म्हणून मोटार, मोटार आहे म्हणून दाब नाही. दाब दिल्याशिवाय हे चक्र तुटत नाही. लाईन कायम भरलेली राहिली तर बाहेरचं आत शिरायला वावच राहत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून 24 तास पाणी देऊन दाखवलंय. आपल्याकडे तो दिवस यायचाय, तोवर निदान भोकं गटाराबाहेर काढू.

30 मार्च

रंगपंचमी. मागणी जास्त, कुठलाही व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. काम नाही.

3 एप्रिल (रात्र)

गळतीसाठी पायरीची चाचणी. टाकीचा आतला व्यास 11.3 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ 100 चौरस मीटर. पातळी 1 सेमी उतरली की 1,000 लिटर गेले. हे टाकीच्या शिडीवर रंगाने लिहून ठेवलंय, दरवेळी आकडेमोड नको.

दवंडीच्या गाडीवरून आदल्या दिवशी तोट्या बंद ठेवायला सांगितलं. रात्री 1 वाजता टाकी भरून इनलेट बंद, झोनचे सगळे व्हॉल्व्ह उघडे. पहिला अर्धा तास लाईन भरण्यात जातो, तो धरायचा नाही. त्यानंतरच्या तासात पातळी 14 सेमी उतरली. काही तोट्या, हौद चालू असणार हे गृहीत धरूनही तासाला 14 हजार लिटर फार. मग शेपटाकडून एकेक व्हॉल्व्ह बंद करत अर्ध्या अर्ध्या तासाने वाचन. गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर घट ताशी 14 वरून 8 सेमीवर आली. म्हणजे एकट्या या गल्लीत तासाला 6 हजार लिटर.

यात फसगत होते ती व्हॉल्व्हमुळे. स्लूस व्हॉल्व्हच्या सीटवर रेती बसलेली असली की चावी पूर्ण फिरते पण पाणी जात राहतं. बंद केल्यावर स्पिंडलला लोखंडी सळई टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं. सूं आवाज आला की व्हॉल्व्ह पाझरतोय. दोन-तीनदा थोडा उघडून बंद केला की रेती वाहून जाते. दुसऱ्या टप्प्यावरच्या व्हॉल्व्हला तसं करावं लागलं.

6 एप्रिल

सळईने आवाज ऐकत दोन जागा पक्क्या केल्या, खणलं. पहिली जागा एसी पाइपचा सीआयडी जॉइंट (बोल्टने आवळायचा बिडाचा सांधा), रबर रिंग वाळून कडक झालेली, अंगठ्याने दाबली तर तुटली. दुसरी जागा तडकलेला पाइप, खाली दगड राहिलेला. बेडिंग (पाइपाखालचा थर) म्हणून मुरूम टाकायचा तिथे खणलेलंच परत लोटलेलं.

एसी पाइप कापताना ग्राइंडर लावायचा नाही. धुळीत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पाइप ओला ठेवून हातकरवतीने कापला, मास्क लावून, तुकडे आणि चुरा ओल्या पोत्यात बांधून वेगळे काढले. मधे 110 मिमी पीव्हीसीचा तुकडा आणि दोन्ही टोकांना सीआय डी-जॉइंट. इथे नेहमीची चूक: दुकानात ‘चार इंची’ म्हणून मागितलं की मिळेल तो जॉइंट येतो. एसीचा बाहेरचा व्यास वेगळा, डीआयचा (डक्टाइल लोखंडी पाइपचा) 118, पीव्हीसीचा 110. पाइपाला टेप गुंडाळून घेर घ्यायचा आणि 3.14 ने भागायचं. आपला घेर 38.3 सेमी, म्हणजे 122 मिमी. तो आकडा चिठ्ठीवर लिहूनच माणूस पाठवला.

12 एप्रिल

पाडवा झाला, आज नवीन लाईनला सुरुवात. ठरलेलं काम असं: गल्लीच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी 310 मीटर 110 मिमी एचडीपीई (पीई 100, पीएन 6 म्हणजे 6 किलो दाबाचा). प्रत्येक घराला समोरच्या लाईनवरून सॅडल (पाइपावर आवळायचा पट्टा), फेरूल आणि 20 मिमीचा निळा एमडीपीई प्लास्टिक पाइप. तो गटाराला काटकोनात, गटाराच्या काठाच्या वरून, 50 मिमीच्या केसिंगमध्ये घालून घराच्या पायरीखाली. गटारात एकही पाइप राहता कामा नये, ही अट.

भुयारी गटारापासून नळाची लाईन आडवी 3 मीटर दूर हवी. साडेचार मीटरच्या गल्लीत ते शक्य नाही. मग दुसरा नियम: नळाच्या पाइपाचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर. गटाराचा माथा 1.4 मीटर खोल आहे, पाइपावर 75 सेमी माती ठेवली तर तळ 86 सेमीवर, अंतर 54 सेमी. बसतं, पण चर खोदणाऱ्याला ‘मऊ लागतंय म्हणून आणखी खोल’ जाऊ द्यायचं नाही.

गुंडाळीचा पाइप आदल्या दिवशी उन्हात उलगडून दगडाखाली दाबून ठेवायचा, नाहीतर चरात अंग टाकत नाही. जोड बट फ्यूजनचे (टोकं तापवून एकमेकांवर दाबून चिकटवायचे). टोकं रंधून घ्यायची आणि रंधल्यावर बोट लावायचं नाही, प्लेट 210 अंशांच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखी कड फुगली पाहिजे. दाबून धरल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडायचा नाही. घाईत क्लॅम्प सोडलेला जोड दिसायला सारखाच असतो, चाचणीत सुटतो. आज 5 पैकी 1 जोड कापून परत केला, कड एकीकडे जाड होती.

18 एप्रिल

पूर्वेकडच्या लाईनची दाबचाचणी, सॅडल बसवण्याआधीच. आधी बसवले तर गळती जोडात की सॅडलात हे शोधण्यात दिवस जातो. वरच्या टोकाची तोटी उघडी ठेवून खालून पाणी भरलं, हवा पूर्ण गेल्यावर बंद, हातपंपाने 4 किलो. एचडीपीई दाबाखाली फुगतो, त्यामुळे पहिल्या तासात काटा उतरतो. ती गळती समजून घाबरायचं नाही. परत 4 ला आणायचं आणि मग घड्याळ लावायचं. दुसऱ्या भरणीनंतर काटा स्थिर.

22 एप्रिल

पश्चिमेकडची चाचणीही झाली. निर्जंतुकीकरण: दोन्ही लाईन मिळून पोटात साधारण 5,000 लिटर. लिटरला 50 मिग्रॅ क्लोरीन म्हणजे 250 ग्रॅम, नव्या 33 टक्क्यांच्या पावडरीने 760 ग्रॅम. द्रावण भरून 24 तास ठेवलं, मग भुयारी गटारात सोडलं. ओढ्यात सोडायचं नाही, मासे मरतात. नंतर वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुतलं.

24 एप्रिल

आता गटार. उघड्या गटारात एवढं सांडपाणी का तुंबतं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. भुयारी गटार असताना घरांचे आउटलेट उघड्या गटारात का सोडलेत? कारण भुयारी लाईन वर्षातून चार-पाचदा तुंबते, घाण न्हाणीत उलटते, आणि मग लोक स्वतःच पाइप फोडून गटारात सोडतात.

चेंबर 1 ते 11, तीस तीस मीटरवर. झाकणं उघडली: 7 पर्यंत तुडुंब, 8 कोरडं. अडथळा 7 आणि 8 च्या मधे. जेटिंग (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने सफाई) नेहमी खालच्या कोरड्या चेंबरमधून वर, म्हणजे 8 मधून 7 कडे. नोझल मागे फवारे मारत पुढे सरकतं आणि होज ओढताना गाळ आपल्याकडे आणतं, तिथे सक्शन लावून उचलायचा. वरून जेटिंग केलं तर बोळा आणखी घट्ट बसतो.

चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही. 2013 च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्याने ते बंद आहे, आणि कायदा नसता तरी हायड्रोजन सल्फाइडला विचारून कुणी वर आलेलं नाही. कडेचं चेंबर मोठं आहे, दोन मिनिटांत होईल, असं कुणी म्हणालं की काम थांबवायचं. झाकणं तासभर आधी उघडी, गॅसमीटर दोरीने सोडून तळाशी, मध्ये आणि वर वाचन, काठावर उभ्या माणसासाठीही. चेंबर 7 मध्ये गाळ ढवळल्यावर हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या वर गेला, मंडळींना मागे घेऊन अर्धा तास थांबलो. ढवळण्याआधीचं वाचन शून्य होतं. साचलेल्या गाळात वायू कोंडलेला असतो, तो हलवल्यावर सुटतो.

निघालं काय: चिंध्या, सिमेंटच्या घट्ट झालेल्या लगद्याचे तुकडे, विटेचा अर्धा भाग आणि दोन घमेली वाळू. सिमेंट घरबांधणीचं. वाळू मात्र वेगळं काही सांगते.

25 एप्रिल

वाळू एकाच जागी का बसते, म्हणून लेव्हल लावली. चेंबर 6 ते 7: उतार 21 सेमी. चेंबर 7 ते 8: उतार 3 सेमी. दोन्ही 30 मीटर. 200 मिमीला 250 ला 1 उतार हवा, म्हणजे 30 मीटरला 12 सेमी. तेव्हा पाइप अर्धा किंवा पूर्ण भरून वाहताना वेग सेकंदाला 0.66 मीटर येतो. 7 ते 8 चा उतार 1,000 ला 1, वेग 0.33. एवढ्या वेगात वाळू वाहत नाही, बसते. टाकताना 7 पर्यंत खोल खोल गेले, पुढे काळा दगड लागला, आणि दगड फोडण्याऐवजी पाइप आडवा टाकून मोकळे झाले, असं दिसतं.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची. 6 ते 8 चा एकूण उतार 24 सेमी, 60 मीटरला. म्हणजे बरोबर 250 ला 1. दगड फोडायची गरजच नाही. चेंबर 7 चा तळ 9 सेमी वर उचलला आणि दोन्ही तुकडे नव्याने टाकले की झालं. 7 ला मिळणारी घरांची सहा कनेक्शन त्याहून वर आहेत, अडचण नाही.

29 एप्रिल ते 3 मे

60 मीटर डीडब्ल्यूसी (दुपदरी नालीदार प्लास्टिक) पाइप, 200 मिमी. 6 च्या वरच्या 95 घरांचं सांडपाणी अडवता येत नाही. हिशेब: 95 घरं, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटरचे 80 टक्के म्हणजे 108 लिटर. दिवसाला 51 हजार लिटर, सरासरी सेकंदाला 0.6 लिटर, सकाळच्या गर्दीला तिप्पट धरून 1.8. चेंबर 6 मध्ये फुगा लावून 5 एचपीच्या मडपंपाने थेट 8 मध्ये. पंप एक चालू, एक जोडलेला. सकाळी साडेसहाला पहिला पंप चिंधीने अडला, दुसरा असल्याने गटार उलटलं नाही.

खाली 10 सेमी खडी-भुशाचं बेडिंग, प्रत्येक पाइपाखाली लेव्हल. पाइपाच्या कॉलरसाठी बेडिंगमध्ये खाच करायची, नाहीतर पाइप कॉलरवर टेकून मधे लोंबतो.

तपासणी आरसा आणि बॅटरीने. वरच्या चेंबरमध्ये बांबूला बांधून बॅटरी सोडली, खालच्यात 45 अंशात आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात पूर्ण चंद्र दिसतो. पहिल्या दिवशी 7–8 मध्ये चंद्र खालून कापलेला दिसला, म्हणजे मधे कुठे पाइप उचलला गेलेला. भरणी काढल्यावर तिसऱ्या पाइपाखाली लेव्हल करताना ठेवलेलं लाकडी ठोकळं तसंच राहिलेलं सापडलं. काढलं, परत बघितलं, चंद्र पूर्ण.

एक लिहून ठेवायला हवं. उतार दुरुस्त झाला तरी 1.8 लिटर प्रवाहाला 200 मिमी पाइप मोठाच आहे. पाच भागांतला एक भाग भरून वाहतो, वेग 0.4 च्या आसपास. गाळ बसू नये म्हणून ठरलेल्या 0.6 पेक्षा कमी. त्यामुळे महिन्यातून एकदा चेंबर 1 मध्ये 5,000 लिटरचा टँकर एकदम मोकळा करायचा. हे यादीत राहिलं नाही तर दोन वर्षांनी परत हीच नोंद लिहावी लागेल.

6, 7 मे

मतदान. निम्मे कर्मचारी निवडणूक ड्युटीवर. फक्त पुरवठा.

14 ते 30 मे

कनेक्शन बदल. दोन प्लंबर, दोन मदतनीस, दिवसाला 12 ते 14. फेरूल ते पायरीपर्यंतचा माल नगरपरिषदेचा, आतलं काम घरमालकाचं. नोंद नसलेली 27 कनेक्शन सापडली. ती तोडण्याचा आग्रह कार्यालयात होता. तोडलेलं कनेक्शन रात्रीत परत जोडलं जातं, तेही गटारातूनच. अर्ज भरून घेऊन नियमित करण्याचा प्रस्ताव पाठवला, मंजूर झाला.

5 जून

बोळातली शेवटची काही सोडून सगळी कनेक्शनं हलवली, तरी दोन घरांतून वासाची तक्रार आली. दोन्ही घरं नव्या लाईनवर. शोध घेताना कळलं की जुनी एसी लाईन अजून बोळातल्या शेवटच्या कनेक्शनांसाठी जिवंत आहे आणि ती वरच्या व्हॉल्व्हशी नव्या लाईनला मिळते. प्लंबरने 19 ठिकाणी जुना पाइप घराजवळ कापून टोक वाकवून दिलं होतं. मेनवरचं फेरूल तसंच. म्हणजे गंजका पाइप गटारात पडून होता, आणि भोकासकट लाईनला जोडलेला.

कनेक्शन बंद करायचं म्हणजे मेनवर जाऊन फेरूल काढून प्लग मारायचा. खड्डा खणावा लागतो म्हणून प्लंबर ते टाळतात. ठेकेदाराच्या बिलात आता ‘कनेक्शन बदल’ आणि ‘जुनं फेरूल प्लग’ अशा दोन वेगळ्या ओळी केल्यात, दुसरीचे पैसे प्लगचा फोटो बघून.

8 जून

19 प्लग झाले. बोळातली शेवटची घरं नव्या लाईनवर घेतली. एसी लाईन दोन्ही टोकांना कापून एंड कॅप आणि काँक्रीटचा ठोकळा. पाइप जमिनीतच ठेवला, उकरून काढण्यात धुळीचाच धोका.

11 जून

पावसाने नदी गढूळ. कच्च्या पाण्याची गढुळता दोन दिवसांत 8 वरून 240 एनटीयू (गढुळतेचं एकक). जार टेस्ट (तुरटीचा डोस ठरवायची चाचणी): सहा भांडी, 30 ते 80 मिग्रॅ तुरटी, एक मिनिट जोरात, 20 मिनिटं सावकाश, अर्धा तास निवळ. 55 ला वरचं पाणी सगळ्यात स्वच्छ, 70 च्या पुढे परत धुरकट. 42 लाख लिटरला 231 किलो तुरटी. उन्हाळ्यात 20 मिग्रॅने 84 किलोच जायची, तेव्हा साठा बघून मागणी आजच. निवळण टाकीचा गाळ दर चार तासांनी सोडायचा, फिल्टरचं बॅकवॉश 36 तासांऐवजी रोज.

18 जून

परत बाटल्या, पहिल्या पाच मिनिटांचं पाणी, 8 घरं. 7 स्वच्छ, 1 काळी. शेवटच्या घरी क्लोरीन 0.3. काळी बाटली ज्या घरची, तिथे नमुना हौदानंतरच्या नळाचा घेतला होता. गटाराकडच्या भिंतीला हौदाची भेग. रस्त्याकडच्या तोटीचा नमुना परत घेतला, 48 तासांत स्वच्छ. नमुना कुठल्या तोटीचा, ते बाटलीवरच लिहायचं.

2 जुलै

दाब शेवटच्या घराला 0.65 किलो. मोटारी 43 वरून 11, कुणी जप्त न करता. पुरवठा 45 मिनिटांवरून तासभर केला, गळती थांबल्याने टाकीत तेवढं पाणी उरतं.

गल्लीच्या व्हॉल्व्हला बंद ते पूर्ण उघडा 14 फेरे. बंद करताना शेवटचे चार फेरे दोन मिनिटं घेऊन. झटक्याने बंद केलं की पाण्याचा दणका बसून सॅडल सैल होतात, मागच्या आठवड्यात एक झालं. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घ्यायचा, म्हणजे स्पिंडल अडकत नाही.

12 जुलै

बाकी कामं. चेंबर 3 चं झाकण ट्रकखाली फुटलंय, सध्या बॅरिकेड आणि लाल कापड, जड झाकण सोमवारी. भुयारी गटार मोकळं झाल्याने 38 घरांनी आउटलेट परत त्यात घेतले, 50 च्या वर अजून उघड्या गटारात. टीसीएलची नवी गाडी आली की उतरवण्याआधी नमुना तपासायचा. चेंबर 1 चा टँकर 25 तारखेला.